हार्डविक हॉल : काचेसाठी बांधलेल्या घरात पडदे का ओढलेले असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डर्बीजवळ राहणारे एक मराठी कुटुंब डर्बीशायरमधील हार्डविक हॉल पाहून आले. ‘भिंतीपेक्षा काच जास्त’ अशी या घराची ख्याती; प्रत्यक्षात मात्र बहुतेक दालनांत पडदे ओढलेले आणि उजेड मंद. स्कॉटलंडची राणी मेरी येथे कैदेत होती, असेही त्यांच्या कानावर आले. या घराचा खरा इतिहास काय, आज दिसते त्यातले मूळचे किती व नंतरचे किती, आणि एवढ्या खिडक्या झाकून ठेवायच्या होत्या तर त्या दाखवायच्या तरी कशाला, असे त्यांनी विचारले आहे.

जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्या माणसाला हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटेल, कारण या घराचा सारा वारसा त्याच्याभोवती फिरतो. हार्डविक ज्या स्त्रीने बांधले तिला दोन गोष्टींची अपार हौस होती : काच आणि कापड. काचेतून प्रकाश येतो आणि प्रकाश कापडाला खातो. तिच्या हयातीत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. चारशे वर्षांनंतर त्या तशा नांदू शकत नाहीत. तेथे काम करणाऱ्यांना रोज या दोहोंमध्ये निवाडा करावा लागतो, आणि माझ्या मते तो योग्य बाजूने होतो आहे. तो का, हे समजण्यासाठी आधी घर समजून घ्यावे लागेल.

चेस्टरफील्ड आणि मॅन्सफील्ड या गावांच्या मधल्या टापूत, एका टेकडीच्या कड्यावर हार्डविकची जहागीर होती. तेथले मूळचे घर म्हणजे जेमतेम खाऊनपिऊन सुखी असलेल्या जमीनदाराचे साधे वाडावजा घर. एलिझाबेथ हार्डविक, जिला सारे जग ‘बेस’ या नावाने ओळखते, ती १५२०च्या दशकात तेथे जन्मली. ती लहान असतानाच वडील वारले, वारस अज्ञान म्हणून जमिनीचे उत्पन्न बरीच वर्षे दुसऱ्यांच्या ताब्यात गेले आणि कुटुंब अडचणीत आले. मालकीचे कागद हातात नसले तर घर कसे हातचे जाते, हे तिने लहानपणीच पाहिले. पुढे हार्डविकच्या नव्या घरात तिने दस्तऐवजांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली ठेवली आणि बांधकामाच्या हिशेबावर स्वतः नजर ठेवली, त्याचे मूळ मला या बालपणात दिसते.

तिची चार लग्ने झाली. पहिला नवरा रॉबर्ट बार्लो हा अगदी तरुण वयात, १५४४ मध्ये गेला. १५४७ मध्ये तिने सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्याशी विवाह केला. तिची सर्व मुले याच लग्नाची, आणि त्यांतली सहा जगली. या दोघांनी १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जमीन विकत घेऊन तेथे घर बांधायला घेतले. १५५७ मध्ये कॅव्हेंडिश वारले. तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो हाही थोड्याच वर्षांत गेला आणि मोठी मालमत्ता तिच्या नावे ठेवून गेला. चौथा विवाह १५६७ च्या सुमारास झाला तो श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट याच्याशी, म्हणजे इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एकाशी. ती काउंटेस झाली, हार्डविकच्या मनोऱ्यांवर आज दिसणारी ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरे ‘एलिझाबेथ श्रूजबरी’ याच नावाची. पण हा संसार सुखाचा झाला नाही. १५६९ पासून १५८४ पर्यंत राणी मेरीला नजरकैदेत सांभाळण्याची जबाबदारी टॅलबटवर होती. तिच्या लवाजम्याचा खर्च, दरबारातला संशय आणि घरातली धुसफूस यांनी नवरा-बायकोचे नाते तुटत गेले. १५८४ च्या सुमारास बेसने चॅट्सवर्थ सोडले आणि ती माहेरच्या हार्डविकला येऊन राहिली. तिचा भाऊ जेम्स कर्जात बुडून वारला होता आणि ती जहागीर तिने १५८३ मध्ये विकत घेऊन ठेवली होती.

येथे मेरीच्या कैदेची गोष्ट निकालात काढू. मेरीला टटबरी, विंगफील्ड, शेफील्ड आणि चॅट्सवर्थ येथे ठेवले गेले होते. १५८७ च्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला, तेव्हा आजचा हार्डविक हॉल उभाच नव्हता. त्याचा पाया खणायला आणखी तीन वर्षे होती. मग दुसऱ्या मजल्यावर ‘मेरीची खोली’ कशी आली? त्या खोलीच्या दारावर स्कॉटलंडच्या राजचिन्हाचे लाकडी कोरीवकाम आहे. ते बहुधा चॅट्सवर्थहून आणले गेले असावे. अठराव्या शतकात प्रवासी येऊ लागले, तेव्हा त्यांना हे कोरीवकाम आणि जुने मखमली पलंग दाखवले जाई, आणि ज्यांना करुण राणीची गोष्ट हवीच होती त्यांनी ती या खोलीला चिकटवली. माझ्या मते या कथेला आता घराच्या इतिहासाचाच एक भाग मानावे, पण ती घडलेली घटना म्हणून मुलांना सांगू नये. बेस आणि मेरी यांनी शेफील्ड-चॅट्सवर्थच्या त्या वर्षांत एकत्र बसून भरतकाम केले होते, हे मात्र खरे आहे.

हार्डविकला परतल्यावर बेसने १५८७ मध्ये वडिलांच्या घराभोवतीच नवे बांधकाम सुरू केले. तेच आज ‘ओल्ड हॉल’ म्हणून उभे असलेले भग्न घर. ते पुरे होण्याआधीच, १५९० च्या अखेरीस, शेजारी काही पावलांवर दुसऱ्या, अगदी निराळ्या घराचा पाया खणला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये टॅलबट वारला आणि त्याच्या इस्टेटीतला विधवेचा मोठा वाटा तिच्या हाती आला; पैशाची चिंता कायमची मिटली. साठी उलटलेली ही बाई सात वर्षांत ते घर पुरे करून ऑक्टोबर १५९७ मध्ये राहायला गेली. दोन्ही घरे काही काळ एकाच वेळी बांधली जात होती, आणि जुने घर नंतरही पाहुण्यांसाठी व नोकरचाकरांसाठी वापरात राहिले.

नव्या घराचा आराखडा बहुधा रॉबर्ट स्मिथसनचा. हा माणूस पेशाने पाथरवट; लाँगलीट आणि नॉटिंगहॅमजवळचे वोलटन ही घरे त्याच्याच हाताखालून गेली होती. हार्डविकच्या आराखड्याशी मिळताजुळता एक नकाशा त्याच्या कागदपत्रांत सापडतो, आणि घराची शैलीही त्याच्याकडेच बोट दाखवते. हे घर बाहेरून पाहताना सर्वांत आधी मनात भरते ते त्याचे समतोलपण : एक आयताकृती ठोकळा, त्याला बिलगून सहा चौकोनी मनोरे, डावी बाजू तशीच उजवी. युरोपात, विशेषतः इटलीत, पुनरुज्जीवनाच्या काळात जी प्रमाणबद्धता रूढ झाली होती ती छापील नकाशांच्या ग्रंथांतून इंग्लंडला पोचली होती. पण स्मिथसनने इटलीची नक्कल केली नाही. इटालियन घर उन्हापासून बचाव करते. हे घर ऊन मागते. तळाला दोन्ही दर्शनी बाजूंना डोरिक खांबांची पडवी एवढाच काय तो रोमन थाट, बाकी सगळा डाव उंच खिडक्यांचा.

आतील रचनेत एक महत्त्वाची क्रांती आहे. त्याआधीच्या इंग्रजी जहागिरीच्या घरांत मोठा हॉल घराच्या लांबीला समांतर असे आणि दार त्याच्या एका कोपऱ्यात असे. त्यामुळे बाहेरून समतोल साधला तरी आत शिरताच तो मोडे. हार्डविकला हॉल आडवा न ठेवता घराच्या बरोबर मध्यातून, पुढून मागे, आरपार काढला आहे. पुढच्या दारातून आत पाऊल टाकले की आपण थेट मध्यरेषेवर असतो. हॉलचे जुने काम होते सगळ्या घराने एकत्र जेवण्याचे. येथे तो नोकरांचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा झाला, आणि मालकीण वर सरकली. कुटुंबजीवनाची पद्धत बदलली ती या नकाशात सरळ वाचता येते.

वर सरकली म्हणजे किती, तर मजले चढत जातात तसे ते उंच होत जातात. तळमजला कामाचा : हॉल, मुदपाकखाना, कोठ्या. पहिला मजला बेसच्या रोजच्या राहण्याचा. दुसरा मजला दरबारी थाटाचा, आणि तोच सर्वांत उंच. म्हणून बाहेरून पाहिले की खिडक्या वर जाताना लहान होण्याऐवजी मोठ्या होतात. त्या काळी काच हा चैनीचा माल होता. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या शंकरपाळी तुकड्यांनी एवढ्या खिडक्या भरणे ही संपत्तीची उघड घोषणा होती. बेसला ती परवडली याचे एक कारण म्हणजे बहुतेक सगळा माल तिच्या स्वतःच्या मुलखातला होता. टेकडीच्या पायथ्याच्या खाणीतला वालुकाश्म, तिच्या रानांतले लाकूड, तिच्या जमिनीतले शिसे, आणि विंगफील्डकडे तिचाच काचेचा कारखाना.

एक बारकावा मुद्दाम सांगतो, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यातल्या सगळ्या खिडक्या खऱ्या नाहीत. काहींच्या मागे धुराडी किंवा भिंती आहेत, आणि काही ठिकाणी बाहेरून एकच दिसणारी उंच खिडकी आत दोन बुटक्या मजल्यांना मिळून उजेड देते. बाहेरची ओळ मोडू नये म्हणून आतल्या सोयीची किंमत मोजली गेली. एवढी काच म्हणजे हिवाळ्यात केवढी थंडी, याची जाणीव तेव्हाही होती; म्हणूनच शेकोट्या आणि त्यांची धुराडी मुख्यतः आतल्या जाड भिंतींत घेतली आहेत.

आता जिन्याकडे या. या घराचा दगडी जिना मला इंग्लंडमधल्या सर्व जिन्यांत श्रेष्ठ वाटतो. तो एका जागी गरगर फिरत नाही; लांब, सरळ टप्प्यांनी घराच्या पोटातून वाट काढत वर जातो, कधी अंधारात, कधी अचानक खिडकीच्या झोतात. त्यावर फारशी कलाकुसर नाही. सणासमारंभाला खालच्या मुदपाकखान्यातून ताटे याच वाटेने मिरवत वरच्या मोठ्या दालनात, हाय ग्रेट चेंबरमध्ये, नेली जात. त्या दालनात पोचल्यावर जे दिसते त्यासाठी ही सारी चढण होती. भिंतींच्या खालच्या भागात ग्रीक वीर युलिसिसच्या कथेच्या, ब्रुसेल्समध्ये विणलेल्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रे विणलेले मोठे भिंतपडदे. त्या बेसने १५८७ मध्ये घेतल्या होत्या. त्यांच्या वर, छताला भिडेपर्यंत, चुन्याच्या गिलाव्यात उठावाने घडवलेले आणि रंगवलेले अरण्य : शिकारीची देवता डायाना, तिच्या सख्या, हरणे, रानडुकरे, आणि इंग्रज कारागिराने प्रत्यक्ष कधी न पाहिलेले परदेशी प्राणीही. हे काम अब्राहम स्मिथ या गिलावाकाराचे. शेकोटीवर राणी एलिझाबेथचे राजचिन्ह आहे, कारण दालन तिच्या स्वागताच्या आशेने सजवले होते. राणी मात्र कधीच आली नाही. बांधकामाचे हिशेब टिकून असल्यामुळे स्मिथ, संगमरवर आणि अलाबास्टर घडवणारा थॉमस ॲक्रेस, दगडकाम करणारे ऱ्होड्स बंधू ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. सोळाव्या शतकातल्या इमारतीत मालकाबरोबर कारागिरांचीही नावे सांगता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि हार्डविकचा वारसा म्हणताना मी या हिशेबवह्यांना दगडाइतकेच महत्त्व देतो.

राणीच्या स्वागतामागे आणखी एक आशा होती. बेसची नात आर्बेला स्टुअर्ट, १५७५ मध्ये जन्मलेली, हिच्या अंगात वडिलांकडून राजरक्त होते आणि एलिझाबेथनंतर गादीवर तिचा दावा सांगता येत होता. बेसने तिला हार्डविकला अक्षरशः पहाऱ्यात वाढवले. ती मुलगी पळून जाण्याच्या खटपटी करून आजीशी कायमची वैरी झाली, राज्य मेरीचा मुलगा जेम्स याला मिळाले, आणि आर्बेला शेवटी १६१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये वारली.

कापडाविषयी आता सविस्तर लिहितो, कारण घर दगडाचे असले तरी त्याचा खजिना धाग्यांचा आहे. त्या काळात श्रीमंतीची खरी मोजदाद टॅपेस्ट्रीत होई. १५९२ मध्ये बेसने बायबलमधील गिडियनच्या कथेच्या तेरा टॅपेस्ट्रींचा संच विकत घेतला. फ्लँडर्समध्ये विणलेला, १५७८ सालचा हा संच राणीचे मंत्री सर ख्रिस्टोफर हॅटन यांचा होता. ते १५९१ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले आणि वारसाने संच विकायला काढला. किंमत ठरली ३२६ पौंड १५ शिलिंग ९ पेन्स. त्यातही बेसने ५ पौंड कमी करून घेतले, कारण हॅटनची कुलचिन्हे झाकायला तिला खर्च येणार होता. त्या चिन्हांवर रंगवलेले लोकरी तुकडे शिवून तिची चिन्हे बसवली गेली, आणि हॅटनच्या चिन्हातल्या हरिणीला शिंगे रंगवून तिचा काळवीट केला गेला. जवळजवळ सहा मीटर उंचीचा आणि एकूण सत्तर मीटरहून अधिक लांबीचा हा संच लावायला तशीच भिंत हवी होती. वरच्या मजल्यावरची लांब गॅलरी सुमारे पन्नास मीटर लांब आहे, आणि संच त्या गॅलरीसाठीच असावा असा तो तेथे बसला.

दुसरा मोठा साठा आहे भरतकामाचा आणि कातरकामाचा. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधले मठ बंद झाले आणि पाद्र्यांची जरीची, मखमलीची मध्ययुगीन वस्त्रे बाजारात आली. बेसच्या घरी १५७०च्या दशकात ती उसवून, कातरून त्यांतून पेनेलोपी, लुक्रेशिया, झेनोबिया अशा प्राचीन काळच्या थोर स्त्रियांचे मोठे भिंतपडदे तयार झाले. एका स्त्रीने स्वतःच्या भिंतींसाठी असे विषय निवडावेत यात मला तिचे मन दिसते. जवळून पाहिले तर एखाद्या नायिकेच्या झग्यात जुन्या धर्मवस्त्राची वीण ओळखता येते.

१६०१ मध्ये बेसने मृत्युपत्राबरोबर आपल्या घरांतील सर्व सामानाची खोलीवार यादी करून घेतली. वारसांनी टॅपेस्ट्री आणि पडदे ओल, कसर यांपासून सांभाळावेत आणि घरातच ठेवावेत, असा तिचा आदेश होता. या यादीतल्या तिच्या स्वतःच्या शेजघराच्या नोंदी वाचण्याजोग्या आहेत : खिडक्यांचे पडदे तर आहेतच, शिवाय खिडक्यांसमोर टांगायच्या जाड गोधड्यावजा पांघरुणांचीही नोंद आहे. काचेचे घर उभारणारी बाई म्हातारपणी थंडीसाठी स्वतःच्या खिडक्या झाकत होती. पडदे ओढलेले पाहून घराशी विसंगत काही चालले आहे असे आपणांस वाटले असेल, तर ही नोंद लक्षात ठेवावी.

१३ फेब्रुवारी १६०८ रोजी ती वारली आणि डर्बीच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये, आजच्या डर्बी कॅथीड्रलमध्ये, तिचे दफन झाले. हार्डविक तिचा दुसरा मुलगा विल्यम याच्याकडे गेले. थोरल्या हेन्रीवर तिचा राग होता. चॅट्सवर्थ त्याच्या वाट्याला आले होते, तेही विल्यमने लवकरच त्याच्याकडून विकत घेतले. तेव्हापासून कॅव्हेंडिश घराण्याचे मुख्य घर चॅट्सवर्थ झाले, त्याचे प्रमुख १६९४ मध्ये डेव्हनशायरचे ड्यूक बनले, आणि नव्या फॅशनचा सगळा पैसा चॅट्सवर्थवर ओतला गेला. हार्डविक बाजूला पडले. येथेच आमच्या पेशातले एक जुने सत्य दिसते : अतिश्रीमंत मालकाचे दुय्यम घर सर्वांत चांगले टिकते. छप्पर गळू दिले जात नाही, पण आतली रचना बदलण्याची कुणाला गरजही वाटत नाही. त्यामुळे चॅट्सवर्थचे बेसच्या काळातले घर नव्या बांधकामात गडप झाले आणि हार्डविक मात्र जवळजवळ तसेच राहिले. घराण्याचे शिक्षक आणि नंतर आश्रित असलेले तत्त्वचिंतक थॉमस हॉब्ज १६७९ मध्ये याच घरात वारले. जवळच्या ऑल्ट हकनॉलच्या चर्चमध्ये त्यांचे थडगे आहे.

‘मूळचे किती’ या प्रश्नाचे उत्तर सहाव्या ड्यूकपाशी येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या अविवाहित, हौशी ड्यूकला हार्डविकची प्राचीनता फार आवडे. त्याने चॅट्सवर्थमधून जुने सामान आणि टॅपेस्ट्री येथे आणल्या आणि लांब गॅलरीत गिडियनच्या टॅपेस्ट्रींवरच घराण्याची चित्रे टांगली. आज गॅलरीत शिरताच जे दाट, गूढ, सोळाव्या शतकाचे म्हणून मन भारून टाकणारे दृश्य दिसते, ते पुष्कळसे त्याच्या अभिरुचीचे आहे. भिंती, छत, शेकोट्या, गिलावा, गिडियन हे बेसचे. मांडणी बरीचशी १८३०-४०च्या काळातली. हे काढून ‘शुद्ध’ १६०१ करावे असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. जतन करणाऱ्याने एका काळाला खरे आणि बाकीच्या काळांना खोटे ठरवू नये; ड्यूकचा थर आता स्वतःच जवळजवळ दोनशे वर्षांचा झाला आहे.

विसाव्या शतकात नवव्या ड्यूकच्या निधनानंतर, १९३८ पासून, त्याची विधवा एव्हलिन येथे राहिली. तिने स्वतः सुई हातात घेऊन टॅपेस्ट्री आणि भरतकाम दुरुस्त केले, जमिनीवरच्या लव्हाळ्याच्या चटया विणण्याची परंपराही चालू ठेवली. आजच्या कसोटीने तिचे काही टाके जाड वाटतात, पण ती नसती तर दुरुस्त करायला काही उरले असते का, याची मला शंका आहे. १९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक वारले. इस्टेट मुलाच्या नावे करून दिल्याला कायद्याने ठरवलेली मुदत पुरी व्हायला थोडेच आठवडे बाकी होते. ती हुकली आणि ८० टक्के मृत्युकर लागला. त्या कराच्या बदल्यात सरकारने १९५६ मध्ये हार्डविक सामानासह घेतले आणि १९५९ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवले. पंधराव्या शतकातल्या, हार्डविकलाच सापडलेल्या शिकारीच्या प्रसिद्ध टॅपेस्ट्री याच हिशेबात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेल्या.

आता पडद्यांकडे. रेशीम आणि लोकर यांवर प्रकाशाचा परिणाम दोन प्रकारे होतो. एक, रंग उडतो. दोन, धागाच ठिसूळ होतो. रंग उडणेही सगळ्या रंगांचे सारखे नसते. जुने विणकर हिरवा रंग साधण्यासाठी निळ्यावर वनस्पतीचा पिवळा रंग चढवीत. पिवळा रंग प्रकाशाने आधी जातो, निळा चिवट असतो. म्हणून जुन्या टॅपेस्ट्रीतली झाडे निळसर दिसतात. अस्तर उसवून मागची बाजू पाहिली की तेथे पानांचा खरा हिरवा रंग अजून असतो. धाग्यांत रेशीम आधी मरते : मुख उजळवण्यासाठी, कपड्याची चमक दाखवण्यासाठी जेथे जेथे विणकराने रेशीम घातले तेथे भगदाडे पडतात. आजीची पैठणी पेटीत घडीवर चिरलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळे समजावायला नको. गर्द तपकिरी रंगात लोहाचा अंश वापरलेला असतो, तो लोकरीलाच कुरतडतो. त्यामुळे आकृत्यांच्या बाह्यरेषा प्रथम गळतात. यात भर म्हणून कोळशाच्या खाणींचा सारा मुलूख, चारशे वर्षांची काजळी, आणि सहा मीटर उंचीच्या कापडाचे स्वतःचे ओझे.

प्रकाश लक्स या एककात मोजतात; उन्हाळी दुपारी बाहेर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. जतनशास्त्र कापडासाठी ५० लक्स हा मानदंड धरते. झालेले नुकसान परत येत नाही, म्हणून कापडावर वर्षभरात पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब ठेवावा लागतो. आज जास्त उजेड दिला तर तो उद्याच्या वाट्यातून वजा होतो. आर्द्रतेचेही तसेच : सापेक्ष आर्द्रता साधारण ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राखली की बुरशीही येत नाही आणि लाकूडही तडकत नाही, त्यामुळे अशा घरांत हिवाळ्यात उष्णता माणसांच्या उबेसाठी नव्हे, तर हवेतील ओल काबूत ठेवण्यासाठी दिली जाते.

गिडियनच्या तेरा टॅपेस्ट्रींचे जतन नॅशनल ट्रस्टने एकेक करून केले. हे काम २४ वर्षे चालले, २०२३ मध्ये पुरे झाले आणि त्याला १७ लाख पौंड लागले. प्रत्येक तुकडा उतरवून बेल्जियममधील मेखलन येथे धुण्यासाठी नेला जाई, आणि मग नॉरफोकमधील ब्लिकलिंगच्या ट्रस्टच्या कार्यशाळेत दुरुस्ती होई. दुरुस्ती म्हणजे गेलेले चित्र नव्याने विणणे नव्हे. संपूर्ण मागे तागाच्या कापडाचा आधार देऊन, सुटे पडलेले जुने धागे जागच्या जागी बारीक टाक्यांनी बांधून घ्यायचे, जेणेकरून वजन आधाराच्या कापडाने पेलावे आणि दुरून चित्र सलग दिसावे, पण जवळून नवे आणि जुने ओळखू यावे. एकेका टॅपेस्ट्रीला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. एवढे करून पडदा उघडा ठेवला, तर ते २४ वर्षांचे श्रम एका पिढीत पुन्हा पाण्यात जातील.

काच आपल्याला बाहेरूनही अनुभवता येते, आणि बेसनेही ती प्रथम बाहेरच्यांसाठीच केली होती. कापड मात्र आतच आहे आणि त्याला दुसरी प्रत नाही. दगड झिजला तर त्याच जातीचा वालुकाश्म घडवून बसवता येतो, दगडांमधल्या दरजा चुन्याने पुन्हा भरता येतात, शिशातल्या काचा बदलता येतात, आणि तेथे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. १५७८ मध्ये विणलेले रेशीम पुन्हा आणता येत नाही. म्हणून या दोहोंपैकी कशाला झुकते माप द्यायचे याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

आपण जवळच राहता, तेव्हा पुन्हा जाल. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणून बाहेरून पाहण्यासाठी दिवसाची अखेर निवडावी. काच का बांधली ते तेव्हा दिसते. त्या फेरीत ओल्ड हॉलही चुकवू नये. तो इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे; अठराव्या शतकापासून छपरे उतरत गेल्यामुळे तेथे उघड्या भिंतींवर, दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर, अब्राहम स्मिथच्याच पिढीचा गिलावा शेकोट्यांच्या वर लटकलेला दिसतो. छप्पर राहिले तर काय टिकते आणि गेले तर काय होते, हे शेजारी शेजारी पाहण्याची अशी जागा क्वचित मिळेल. घरात गेल्यावर डोळ्यांना पाचेक मिनिटे मंद उजेडाची सवय होऊ द्यावी, मग गॅलरीत टॅपेस्ट्रीच्या वरच्या किनारीकडे पाहून शिवलेली कुलचिन्हे आणि शिंगे फुटलेली हरिणी शोधावी. हाय ग्रेट चेंबरमधले एग्लंटाइन टेबल निवांतपणे पाहावे : १५६८ च्या सुमारास बेस आणि तिच्या मुलांच्या विवाहसंबंधांनिमित्त बनवलेल्या या मेजावर लाकडाच्या जडावात वाद्ये, पत्ते, सोंगट्यांचे पट आणि प्रत्यक्ष गाता येईल अशी चार आवाजांची स्वरलिपीसुद्धा आहे. दालनांतल्या स्वयंसेवकांना १६०१ च्या यादीत त्या खोलीची काय नोंद आहे असे अवश्य विचारावे. त्यांतले पुष्कळ जण ती जाणतात आणि आनंदाने सांगतात.